हॉर्नआजीची कवळी

मी कवळी बोलतेय. होय, तीच, पाण्याच्या वाटीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत दात काढणारी. अहो, नाक काय मुरडता? तुमच्याही घरी कुणाच्या तरी तोंडात माझी एखादी बहीण असेलच. नसेल तर थांबा थोडी वर्षं.

वरची मी आणि खालचीही मीच. तुकडे दोन, जीव एक. दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत एका कारागिराच्या हातून माझा जन्म झाला. मेणात दात बसवताना तो शीळ घालायचा, म्हणून की काय, मी पहिल्यापासूनच जरा उनाड निघाले. माझी मालकीणही तशीच. तीस वर्षं तिने शाळेच्या मुलांची व्हॅन चालवली. व्हॅनचा हॉर्न कधी धड वाजला नाही, मग ही बाई खिडकीतून डोकं बाहेर काढून स्वतःच ओरडायची, "ए, बाजूला व्हा रेऽऽ!" पोरांनी तिचं नाव 'हॉर्नआजी' ठेवलं आणि ते तिला चिकटलंच. तिचे उरलेसुरले दात एका अक्रोडापायी गेले. अक्रोडाला काहीसुद्धा झालं नाही, हे तीच सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

डॉक्टर म्हणाले, "आजी, एका ओळीत झकास दात बसवून देतो."

"छे छे! समोरचा हा एक वाकडा पाहिजे."

"वाकडा? अहो, लोक सरळ करून घ्यायला येतात माझ्याकडे!"

"येऊ देत. असलं सरळ तोंड घेऊन मी घरी गेले, तर लेक मला दारातूनच परत पाठवेल."

कारागिराने बिचाऱ्याने तीनदा तो दात वाकडा केला. दोनदा तिने आरशात बघून मान हलवली, "अजून थोडा." तिसऱ्यांदा ती अशी खळखळून हसली की मी तिच्या तोंडातून उडाले आणि थेट डॉक्टरांच्या खिशात पडले. तो आमचा पहिला दिवस.

घरात तिची लेक आणि सहा वर्षांची नात. नातीचे दुधाचे दात तेव्हा पडत होते. ती रडायला लागली की आजी मला जिभेने अलगद ढकलून पुढे काढायची आणि कट्कन आत ओढायची. नातीचं रडणं तिथेच बंद! "आजी, माझा एक पडला." "हात्तिच्या, माझे तर सगळे एकदम निघतात!" बँकेच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं, तरी ती हाच प्रयोग करायची. माणूस गुपचूप मागे जायचा.

पण एक गोष्ट सांगते. तोंडातून बाहेर पडलेले शब्द सगळ्यांना ऐकू येतात. न पडलेले फक्त मला माहीत. लेकीची नोकरी गेली, त्या दिवशी ती पिशवी खाली टाकून उंबऱ्यातच बसली. आजीच्या घशातून निदान दहा वाक्यं सुसाट आली, माझ्यावर आदळली आणि माघारी गेली. तिने मला असं गच्च आवळलं की मला वाटलं, आता तडकते मी. मग ती एवढंच म्हणाली, "जेवलीस का गं?" मला तिचा फार अभिमान वाटला.

अशी आमची नऊ वर्षं गेली. मग तिचं हृदय दमलं आणि आम्ही दवाखान्यात आलो. लेकीला तिने दटावून ठेवलं होतं, "हे बघ, काही झालं तरी मला बोळकं घेऊन पाठवायचं नाही. दात घालूनच पाठवायचं."

"आई, गप्प बस ना गं."

"आधी हो म्हण."

लेक हो म्हणाली.

शेजारच्या सात नंबरच्या खाटेवर आणखी एक आजी होती. तिला सगळे सातनंबर म्हणायचे. दोघींचं असं काही मेतकूट जमलं की विचारू नका! सातनंबरची कवळी म्हणजे सरळसोट, पांढरीशुभ्र, अगदी जाहिरातीतली. आमच्या बाईंचा तिच्यावर डोळा. एका दुपारी तिने लेकीला पिटाळलं, "जा, खाली जाऊन चहा पी. तोंड बघ कसं उतरलंय!" लेक वळली मात्र, इकडे ही कुजबुजली, "काढा तुमची. मला एकदा हिरॉइन व्हायचंय."

दोघींनी आम्हाला धुऊन घेतलं, तेवढी शुद्ध होती, आणि अदलाबदल केली. अगंबाई! मी परक्या तोंडात! तिथे मी वाऱ्यावरच्या खिडकीसारखी खडखड वाजत होते. समोर माझी मालकीण, तिच्या तोंडात ते थोराड दात मावेनात, ओठ मिटेनात. दोघी एकमेकींकडे बघून फुटल्या. तेवढ्यात सिस्टरच्या चपला वाजल्या. "झोपा, झोपा!" म्हणत दोघींनी झोपेचं सोंग घेतलं. सातनंबरने ओठ घट्ट मिटले आणि मी अंधारात थरथरत राहिले. सिस्टर आली आणि गेली. सातनंबर हळूच म्हणाली, "शुक शुक! उठा, गेली ती."

माझी मालकीण उठली नाही.

मग एकच धावपळ झाली. पडदे ओढले गेले. पडद्याआडून मला लेकीचा आवाज ऐकू आला, "मी खाली का गेले? एकटी पडली गं माझी आई. किती घाबरली असेल!" आणि मी पलीकडेच, भलत्याच तोंडात! सगळं ठाऊक असून माझी दातखीळ बसलेली. बोल ना गं बाई, असं मी सातनंबरला मनातल्या मनात विनवत होते. पण तिने चादर डोक्यावरून ओढून घेतली. तिला दुसऱ्या वॉर्डात हलवलं, आणि माझी मालकीण दुसरीचे दात घालून निघून गेली.

तीन आठवडे मी सातनंबरच्या घरी एका डबीत काढले. ती पेज पिऊन राहत होती. तिचा मुलगा म्हणायचा, "आई, नवीन दात करून घेऊया ना." ती म्हणायची, "आधी एक काम आहे." मग आरशासमोर बसून तालीम करायची, "पोरी, रागावू नकोस..." आणि पुढे गाडी सरकायचीच नाही. चौथ्या आठवड्यात मात्र तिने सिस्टरकडून पत्ता मिळवला आणि मला पदराखाली धरून दार वाजवलं.

डबी उघडली. माझा वाकडा दात बघून लेक मटकन खालीच बसली.

"ही इथे? मग आई... मी तिला शब्द दिला होता हो! दात घालून गेली, एवढाच तर आधार होता मला."

"दात घालूनच गेली गं. माझे."

मग सातनंबरने सगळं सांगितलं. मध्ये मध्ये बोळक्यातून वारा जात होता, पण एक शब्द तिने गाळला नाही.

"म्हणजे सगळे म्हणाले, चेहरा हसरा होता..."

"माझे दात मोठे पडले तिला. पण पोरी, ती खरंच हसत होती. मी एक डोळा किलकिला करून बघत होते. हसू दाबून दाबून तिची खाट हलत होती. मग हलायची थांबली. मला वाटलं, हिला जमलं बाई सोंग. मलाच जमेना."

आता पंधरा वर्षांची झालेली नात हळूच म्हणाली, "कशी झोपली होती? दाखवा ना."

सातनंबर चप्पल काढून सोफ्यावर आडवी झाली. डोळे मिटले, हात पोटावर घेतले, गाल फुगवले. आधी खांदे हलले, मग पोट, मग आख्खा सोफा. लेक गुडघ्यांवर सरकत जवळ आली आणि तिच्या तोंडावर वाकून बघत राहिली. खाली चहाला गेलेल्या त्या दहा मिनिटांत जे बघायचं राहून गेलं होतं, ते तिने पोटभर बघितलं. मग ती जी हसत सुटली, ते हसता हसता सातनंबरच्या कुशीत डोकं खुपसून रडेपर्यंत. नात म्हणाली, "आई, श्वास घे!" आणि तीही दोघींच्या अंगावर कोसळली.

सातनंबरला आता नवीन दात आलेत. त्या कारागिराकडे तिला लेकच घेऊन गेली होती. दर रविवारी ती येते आणि तिघी मिळून घर डोक्यावर घेतात. मी नातीच्या पुस्तकांच्या फळीवर असते. पुसायला काढलं तर जपून पुसा, एवढंच मागणं. मला आता कुणी तोंडात घालत नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

खोटं कशाला बोलू? वाटतं. तिचं तोंड फार उबदार होतं हो.