रचनाच्या आतड्याचा तुकडा

मी एक जुना मायक्रोस्कोप आहे, आणि मला अडगळीत टाकण्याचा बेत मला मुळीच मान्य नाही! खासबागेतल्या एका लॅबमध्ये माझं सारं आयुष्य गेलं. नवा होतो तेव्हा केवढं कौतुक! डॉक्टर क्षमा मला मऊ कापडानं पुसत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मग शेजारी पडदावाला नवा मायक्रोस्कोप आला आणि माझ्या डोक्यावर प्लास्टिकची टोपी चढली. त्याचा मला राग आला. अजूनही येतो.

मित्रांनो, बेळगुंदीच्या रचनाचं आतडं कापायचं ठरलं होतं. पोटदुखी, रक्ताचे जुलाब... सगळ्यांनी ‘क्रोन्स’ म्हणजे आतड्याच्या सुजेचा आजार ठरवून टाकला होता. पण औषधं लागू पडत नव्हती. ऑपरेशनआधी तिच्या आतड्याचा तुकडा पुन्हा तपासायला आला. पडद्यावर बघून क्षमाताईंचं समाधान होईना. त्यांनी माझी टोपी काढली.

जखम होतीच, पण खालच्या बारीक रक्तवाहिन्याही सुजल्या होत्या. क्रोन्समध्ये सहसा असं दिसत नाही.

“क्रोन्सच लिहा, मॅडम. सगळे तेच म्हणतात,” त्यांचे सहकारी नागेंद्र म्हणाले.

म्हणोत सगळे! मी त्याच रक्तवाहिन्या पुन्हा दाखवल्या. आजाराचं नाव मात्र मला सांगता येईना.

क्षमाताईंनी रचनाच्या आईला, जयाबाईंना, बोलावून घेतलं. “पोटाशिवाय तिला दुसरा काही त्रास?”

“न्हाय हो. तोंड तेवढं सारखं येतंय. मधनंमधनं डोळंबी येत्यात. पर ती उष्णता! सब्जा दिला की बरं वाटतंय. त्ये काय डाक्टरास्नी सांगायचं?”

क्षमाताई ताडकन उठल्या. मूळच्या निपाणीच्या, तिथलीच बोली तोंडी आली. “आक्का, त्येच तर सांगायचं हुतं!”

तोंडातले फोड, लाल डोळे, आतड्यातल्या जखमा हे सगळं एकाच दुर्मीळ आजाराचं होतं. डोळ्यांच्या आणि असले आजार बघणाऱ्या सांध्यांच्या डॉक्टरांनी तपासून नाव पक्कं केलं: बेशेट, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार. ऑपरेशन रद्द झालं, औषधं बदलली.

परवा रचना लॅबमध्ये आली. आजार अजून पुरता गेलेला नाही, पण गालावर रंग आलाय. तिनं माझ्यातून वाकून पाहिलं.

“ह्ये माझं आतडं?”

“एवढंच. बाकीचं तुझ्या पोटात हाय, आणि तितंच ऱ्हाणार,” क्षमाताई म्हणाल्या.

मित्रांनो, माझी भिंगं पुसत जा, मला धूळ खात ठेवू नका. आणि सगळे एकच नाव घेत असतील, तेव्हा मला आणखी एकदा विचारा. मला जे दिसेल, तेच मी दाखवीन!