गंजावर भरलेली लांबी

शुक्रवारी वेल्डरने गाडीच्या दाराखाली स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं, तर ते सरळ आत गेलं.

"काका, इथे पत्राच नाही. गंजाच्या भोकात कागद कोंबून लांबी भरलीय, वर रंग. घेताना चुंबक नाही फिरवलात?"

लांबीवर चुंबक चिकटत नाही, हे मला ठाऊक होतं. गाडी आमच्या लग्नाच्या वर्षातली, म्हणून बायकोला हवी होती. तिनेच फ्रीजवरचा चुंबक माझ्या खिशात घातला होता. पण विकणारा तिचा सख्खा भाऊ. त्याच्यासमोर चुंबक काढायची मला लाज वाटली.

"दाजी, नीट बघून घ्या हं," तो हसत म्हणाला, "नाहीतर ताई माझे कान उपटेल!"

वेल्डरने भोकातून ओढून काढलेला तो कागद मी उलगडला. वर्तमानपत्र होतं, गाडी घेण्याच्या आठवडाभर आधीचं.

बायको त्या गाडीत चारदाच बसली. भावाचं कौतुक करतच गेली.

आता रोज "दाजी, जेवलात का?" असं विचारणारा तो एकटाच उरलाय. कालही त्याचा फोन आला. "जेवलो," म्हणालो. कागदाचं अजून विचारलेलं नाही.