डावा घोटा

"आज कोणता दुखतोय?" डोरीनने विचारलं.

"डावा." जमारी टेबलावर चढून बसला आणि त्याने पाय पुढे केला. "गेल्या शनिवारीही डावाच होता, मिस डोरीन. तुम्हीच विसरायला लागलात तर आपलं कसं व्हायचं?"

"मी नाही विसरले. परवा लायब्ररीच्या जिन्यावर तू उजव्या पायाने लंगडत होतास."

जमारीने कपाळाला हात लावला. "कुणी पाहिलं?"

"मीच. बाकी कुणाला तुझ्या पायांकडे बघायची सवय नाही."

तो हसला. डोरीनने पांढऱ्या पट्टीचं रीळ उचललं, त्याची टाच आपल्या मांडीवर टेकवली आणि बांधायला सुरुवात केली. आधी नडगीच्या खाली एक वेढा, मग तळव्याखालून वर दोन पट्ट्या, मग टाचेला आतून आणि बाहेरून फुली. या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची ट्रेनर म्हणून, खेळाडूंच्या दुखापती बघत, ती तरुणपणापासून त्यांचे घोटे बांधत आली होती. हल्ली तिच्याकडे येणाऱ्या काही मुलांचे बापही याच टेबलावर बसून गेले होते. हात आपोआप चालत. पट्टी फाडल्याचा आवाज आणि डिंकाचा वास, याखेरीज दुपारच्या खोलीत काही नसे.

जमारीचा घोटा ठणठणीत होता. त्याला कधीच काही झालेलं नव्हतं.

डिसेंबरात सराव चालू असताना तो भिंतीला टेकून खाली बसला होता. सकाळी खाल्लं नाही, म्हणाला. डोरीनने सहज मनगट धरलं, आणि बोटांखाली जे लागलं ते तिला आवडलं नाही. इंडियानापोलिसच्या हृदयरोगतज्ज्ञांनी तासभर तपासून पडद्यावर दाखवलं. हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत असायला हवी त्यापेक्षा बरीच जाड होती. जन्माचीच देणगी. जोर पडला की त्या जाड स्नायूतून जाणारा विजेचा प्रवाह वाट चुकू शकतो, आणि मग ठोका राहत नाही, नुसती थरथर राहते. आज होईल, दहा वर्षांनी होईल, कधीच होणार नाही. सामने बंद, डॉक्टर म्हणाले.

परतताना गाडीत जमारी खिडकीबाहेर बघत होता. दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची शेतं बर्फाखाली पडली होती. मग तो म्हणाला, "लोकांना सांगायचं, घोटा मुरगळला."

"कशाला?"

"घोट्याला कुणी हळहळत नाही. आणि घोटा बरा होतो."

त्याच्या आजाराबद्दल त्याच्या परवानगीशिवाय कुणाला सांगायची डोरीनला कायद्यानेच बंदी होती. कोच रँडी होल्ट्झक्लॉला सांगायला त्याने होकार दिला, आईला त्याने स्वतः फोन केला. एवढ्यावर गोष्ट थांबली. मग घोटा दुखतोय तर बांधलेला दिसायला हवा, म्हणून दर सामन्याच्या दिवशी जमारी तिच्या टेबलावर येऊन बसू लागला. साध्या कपड्यांत, एका पायाला पांढरीशुभ्र पट्टी बांधून, तो बाकाच्या टोकाला बसे. डोरीनला त्यात दया दिसली होती. आजारी मुलाने आपला आजार कुणाला दाखवायचा हे त्याचं त्याने ठरवावं, असं तिला वाटलं होतं.

हे त्याचं तिसरं कॉलेज. पहिल्यात त्याने एक वर्ष नुसतं बाकावर काढलं. दुसऱ्यातला कोच सोडून गेला आणि नव्या कोचने आपली पोरं आणली. "कॉलेजं बदलत फिरणाऱ्या या पोरांच्या बॅगा कधी पूर्ण उघडतच नाहीत," रँडी म्हणायचा. जमारीने मात्र इथे खोलीत पडदे लावले होते आणि खिडकीत तुळशीच्या जातीचं कसलंसं रोप ठेवलं होतं. या वर्षी पदवी मिळणार होती. पदवीनंतरही कॉलेजच्या संघातून खेळायचं एक वर्ष नियमाने शिल्लक होतं.

"झालं," ती म्हणाली. "आज तर तुला कोर्टवर जायचंय."

"एक बास्केट," जमारी म्हणाला. तो पट्टीकडे बघत होता, तिच्याकडे नाही.

घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना म्हणजे पदवी घेणाऱ्या मुलांचा दिवस. आईवडील फुलं घेऊन कोर्टवर येतात, फोटो निघतात. आणि त्यांच्यातला कुणी दुखापतीमुळे बसून असेल, तर दोन्ही कोच आपसांत ठरवतात. सुरुवातीला त्याला आत घ्यायचं, सगळ्यांनी हात खाली सोडून उभं राहायचं, त्याने एक बास्केट टाकायची. मग पाहुण्या संघालाही तशीच एक टाकू द्यायची, म्हणजे हिशेब बरोबर. लगेच टाइमआउट घेऊन खेळ थांबवायचा. मुलगा टाळ्यांच्या गजरात बाहेर येतो आणि खरा सामना सुरू होतो.

रँडीने आठवड्यापूर्वीच तिला बोळात गाठलं होतं.

"डॉक्टरांना विचारलंस?" ती म्हणाली होती.

"अगं, एक बास्केट. चालत जाऊन टाकेल. लग्नात आजोबा नाचतात, तेवढासुद्धा दम लागायचा नाही."

ती हसली होती. म्हणाली होती, ठीक आहे.

जिम प्रेक्षकांनी भरून गेलं होतं. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांना लागून आत येऊन पायऱ्यांवर पसरलं होतं, पॉपकॉर्नचा खारट वास वरपर्यंत चढला होता. हृदयाला झटका देणारं यंत्र डोरीनने रोजच्यासारखं तपासून बाकाशेजारी ठेवलं. इतक्या वर्षांत ते एकदाही वापरायची वेळ आली नव्हती. जमारीची आई रोशेल गॅरी शहरातून पहाटे निघून आली होती. कोर्टच्या मधोमध मुलाच्या दंडाला धरून ती उभी राहिली तेव्हा तिचं डोकं जेमतेम त्याच्या छातीशी येत होतं. फोटोत ती हसली नाही.

चेंडू वर उडाला, जमारीकडे आला. बाकीचे नऊ खेळाडू पुतळ्यासारखे उभे. तो सावकाश चालत गेला आणि त्याने चेंडू अलगद टाकला. जिम उठून उभं राहिलं. पाहुण्यांनी आपली बास्केट टाकली. आता टाइमआउट.

डोरीनने रँडीकडे पाहिलं. त्याचे हात पँटच्या खिशात होते.

चेंडू पुन्हा खेळात आला. जमारी पळत होता.

आधी तिला वाटलं, रँडी विसरला. जमारीने समोरच्याच्या हातातून चेंडू काढून घेतला, पार पलीकडे धावत गेला, उसळी मारून टाकला. लोक किंचाळत होते. दोन महिने बाकावर बसलेलं ते लांबलचक अंग असं सुटलं होतं की क्षणभर तिलाही बघत राहावंसं वाटलं. मग ती रँडीजवळ गेली.

"बाहेर काढ त्याला."

"चार मिनिटं, डोरीन."

"रँडी."

"वर बघ. निळ्या स्वेटरमधला. ओक्लाहोमाच्या एका कॉलेजमधून आलाय, त्यांच्या संघासाठी मुलं निवडायला. पुढच्या वर्षासाठी घ्यायला तयार आहे, फक्त घोटा बरा झालाय का तेवढं बघायचंय त्याला."

"घोट्याला काय झालंय?"

"तेच तर," रँडी म्हणाला. तो कोर्टकडे बघत होता. "जमारीने विनवण्या केल्या गं. आज खेळणार, हे आईला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना, म्हणजे तिला सोडून.  डोरीनने जमारीच्या डाव्या पायाकडे पाहिलं. तिच्या हातची पट्टी, टाचेला फुली, एकही सुरकुती नाही. निळ्या स्वेटरमधला माणूसही नेमकी तीच बघत होता.

तिने प्रेक्षकांत रोशेलला शोधलं. आजूबाजूचे सगळे उभे होते, ती एकटी बसली होती. फुलांचे देठ मुठीत आवळलेले, ओठ हलत होते. तिची नजर डोरीनला भिडली आणि, त्याला थांबवू नका म्हणून, तिने आडवी मान हलवली. नको.

पलीकडच्या टोकाला खेळ क्षणभर थांबला तेव्हा सगळे गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. जमारीचा एक हात छातीवर होता. जर्सीची सुरकुती सारखी करावी तसा तो हात फिरवत होता.

खेळ चालू असताना बाकावरच्या कुणी रेषा ओलांडायची नसते. कुणी पडलं तरी पंचाने हात करून बोलावल्याशिवाय ट्रेनर आत जात नाही. एकदा एका मुलाचं हाड कातडीबाहेर आलेलं दिसत असतानाही डोरीन पंचाच्या हाताची वाट बघत उभी राहिली होती. आज कुणी पडलं नव्हतं. कुणी बोलावलं नव्हतं. ती रेषा ओलांडून आत गेली, धावणाऱ्या मुलांच्या मधून, पाण्यात शिरावं तशी चालत.

शिट्टी वाजली. वरून हुर्यो सुरू झाली.

"अहो बाई, घोटाच आहे तो, मान नाही मोडली!" कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

पंच तिला ओळखत होता. दर हिवाळ्यात तिच्याकडून पाठीला लावायचं मलम घेऊन जायचा. "डोरीन, काय हे? मला टेक्निकल फाउल द्यावा लागेल, फुकटचे गुण जातील त्यांना."

"द्या."

तिने जमारीचं कोपर धरलं. तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता. झटकून दिलं असतं तर ती पडली असती. तो आला.

बाकावर बसल्या बसल्या तिने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. "मी ठीक होतो," तो म्हणाला. श्वास पुरत नव्हता, तरी आवाज शांत ठेवायची धडपड चालली होती. "तुम्ही चार मिनिटं थांबला असतात तर."

"गप्प बस. मोजतेय."

ती मोजत नव्हती. मोजता येण्यासारखं तिथे काही नव्हतं. दाराबाहेर माणसांची रेटारेटी व्हावी तसं बोटांखाली चाललं होतं. समोर पाहुण्या संघाचा एक खेळाडू दंडाचे फ्री थ्रो टाकत होता. हळूहळू मनगटातली गर्दी पांगली, एकामागून एक ठोके ओळीत आले. जमारी पडला नाही. काहीच झालं नाही, आणि म्हणून तिने केलं ते कुणालाच पटवता येण्यासारखं नव्हतं.

सामना एका गुणाने गेला.

नंतर बोळात रोशेल तिच्या वाटेत उभी राहिली. "तुम्ही चांगल्या आहात, मिस डोरीन. ते मला माहीत आहे."

"रोशेल, तो मरू शकला असता. इथे. तुमच्यासमोर."

"हो." रोशेलने ते अगदी साधेपणाने म्हटलं. "दोन महिने तो फोनवर माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलत नव्हता. नाताळात घरी आला, तर भिंतीकडे तोंड करून झोपून राहिला. जेवण दाराबाहेर ठेवायचे आणि तसंच उचलायचे. जिवंत मुलाचं जेवण. परवा त्याने स्वतःहून फोन केला, अर्धा तास हसत होता. काय करू सांगा. मी हो म्हटलं." फुलं तिने पाण्याच्या नळाशेजारी ठेवून दिली. "माझ्या जागी तुम्ही असतात तर, असं मी विचारत नाही. कुणीच या जागी असू नये."

वसंत ऋतूभर दुकानात, चर्चमध्ये, पोस्टात लोक डोरीनला विचारत राहिले, "काय, घोटा कसा आहे?" ती म्हणायची, बरा आहे. रँडी तिच्याशी नीट बोलत होता, जरा जास्तच नीट. निळ्या स्वेटरवाल्याने चार मिनिटंही पाहिलं नव्हतं, पण जेवढं पाहिलं तेवढं त्याला पुरलं.

मे महिन्यात जमारी निरोप घ्यायला आला. खिडकीतलं रोप त्याने तिच्या टेबलावर ठेवलं. "गाडीत मरेल ते," म्हणाला, आणि मग शब्द ऐकू आल्यासारखा थांबला.

"तिथे तपासणीत विचारतील," डोरीन म्हणाली. "तेव्हा काय सांगशील?"

"घोट्याचं विचारलं तर घोट्याचं सांगेन."

"आणि दुसरं विचारलं तर?"

"विचारत नाहीत. कागदावर 'नाही, नाही, नाही' अशा खुणा करायच्या असतात." तो उगाचच टेबलावर चढून बसला, पाय हलवत. "तुम्ही सांगणार नाही. हो ना, मिस डोरीन?"

"तुझ्या परवानगीशिवाय मला सांगता येत नाही. ती दे मला."

त्याने आडवी मान हलवली. हलवली ती अगदी आईसारखी. मग खाली उतरून तिला मिठी मारली. तिचा कान नेमका त्याच्या छातीवर आला. तिने चटकन डोकं बाजूला घेतलं.

ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी फोन वाजला. नव्या मुलांसाठी ती रीळं लावून ठेवत होती.

"मिसेस केसलर? मी ओक्लाहोमाहून बोलतोय. इथला नवा ट्रेनर." आवाज कोवळा होता, नुकताच शिकून बाहेर पडलेल्या मुलाचा. "जमारी पेटवे आमच्याकडे आलाय. त्याच्या डाव्या घोट्याबद्दल विचारायचं होतं. मी बांधलेलं त्याला पसंतच पडत नाही हो. म्हणतो, मिस डोरीन बांधतात तसं बांध. सगळ्यांसमोर माझी फजिती करतो. तुम्ही नेमकं कसं बांधता?"

डोरीन खुर्चीत बसली. तिने त्याला सांगितलं. नडगीखालचा वेढा, तळव्याखालून दोन पट्ट्या, टाचेला आतून आणि बाहेरून फुली. तो मधेमधे हं म्हणत होता, लिहून घेत होता. मुलगा मन लावून काम करणारा होता, ते कळत होतं. सांगून झालं तरी ती थांबली. तो अजून काही विचारेल म्हणून.

"खूप आभार," तो म्हणाला. "एवढंच होतं."

"तुमचं झटक्याचं यंत्र कुठे असतं?" डोरीनने विचारलं.

"ते? ऑफिसात. कपाटात आहे. का?"

"बाकाशेजारी ठेव. जमारी बसतो त्या टोकाला. सरावालाही. आणि बॅटरी रोज बघत जा, रोज, दुसऱ्या कुणावर सोपवू नकोस."

पलीकडे पेन्सिलीचा आवाज थांबला.

"घोट्यासाठी?" त्या मुलाने विचारलं.

डोरीनने खिडकीकडे पाहिलं. तिथे ठेवलेल्या जमारीच्या रोपाला नवी पानं आली होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ त्या मुलाला लागेपर्यंत तिने फोन ठेवला नाही.