बिनखिडकीच्या घराचा अर्थ मी सांगितला

मित्रांनो, धाराशिव शहरातल्या एका समुपदेशन केंद्रात एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या दुसऱ्या फळीवर मी असते. मी बावन्न पानांची एक जुनी पुस्तिका आहे. माझं पिवळं वेष्टन मळून खाकी झालं आहे आणि पाठीला तीनदा चिकटपट्टी लावून झाली आहे. मुलांच्या हातात मी सहसा पडत नाही. मी मोठ्यांनी वाचायची, पण माझ्यात सगळं मुलांबद्दलच लिहिलेलं आहे. म्हणूनच आज तुमच्याशी बोलावंसं वाटलं. माझ्यामुळे एका मुलीचं नुकसान झालं, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म सोलापूरचा. तिथं वीरभद्र सर नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. ते मुलांना कोरा कागद आणि पेन्सिल देत आणि घर, झाड, माणूस अशी तीन चित्रं काढायला सांगत. त्या चित्रांवरून मुलाच्या मनात काय चाललं असेल, याचा अंदाज घ्यायची ही चाचणी. ती नव्या मानसतज्ज्ञांना नीट शिकवता यावी, म्हणून सरांनी दोन वर्षं खपून मला लिहिलं. माझ्या पुढच्या भागात एक लांबलचक तक्ता आहे. झाडाला मुळं नसली तर काय समजायचं, माणसाचे हात दिसत नसले तर काय, घराला खिडकी नसली तर काय, असं सगळं त्यात ओळीनं मांडलेलं. शेवटच्या आठ पानांवर बारा प्रश्न आहेत. चित्र काढून झालं की मुलाजवळ बसून ते विचारायचे. उत्तरं ऐकल्याशिवाय अहवालात एक शब्दही लिहू नये, अशी सूचना सरांनी त्या पानांच्या वर ठळक अक्षरांत छापून घेतली होती.

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला आपल्या विद्यार्थिनीच्या, महेश्वरीच्या हाती दिलं. महेश्वरी धाराशिवला आली आणि जिल्ह्यातल्या तरुण मानसतज्ज्ञांना ही चाचणी शिकवू लागली. चार दिवसांचं प्रशिक्षण असे. ते माझे सुखाचे दिवस होते. माझा तक्ता उघडला की सगळे पुढं सरकून बसत. कुणी फोटो काढी, कुणी भराभर उतरवून घेई. एक मुलगी तर म्हणाली होती की या पुस्तिकेमुळे माणसाच्या आतलं दिसायला लागतं. मला त्या कौतुकाची चटक लागली. खरं सांगायचं तर मला माझा तक्ताच आवडू लागला. त्याची पानं बोटं लागून काळी झाली होती. बारा प्रश्नांची पानं पांढरी स्वच्छ राहिली होती आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं.

मग एका वर्षी घाई झाली. केंद्राला मार्चच्या आत खूप शाळांत ही चाचणी घ्यायची होती. प्रशिक्षण चार दिवसांवरून दोन दिवसांवर आलं. महेश्वरीनं कुरकुर केली, पण मान्य केलं. एकमेकांना प्रश्न विचारायचा सराव तिसऱ्या दिवशी व्हायचा, तो गळाला. प्रश्न घरी वाचा, असं ती सगळ्यांना म्हणाली. घरी वाचायला मात्र त्यांच्याकडे ते नव्हतेच, कारण झेरॉक्स फक्त तक्त्याची काढली होती.

त्या तुकडीत तुळजापूरचा अमरनाथ होता. मनानं चांगला, कष्टाळू मुलगा. त्याला लोहारा तालुक्यातल्या एका गावची शाळा मिळाली. एका सकाळी त्यानं तिथं बावीस मुलांची चित्रं काढून घेतली आणि दुपारच्या एसटीनं परतला. दुसऱ्या दिवशी तो अहवाल तपासून घ्यायला महेश्वरीकडे आला, तेव्हा मी टेबलावरच होते.

बावीस चित्रांतलं एक त्यानं वेगळं ठेवलं होतं. चौथीतल्या शिवकन्येचं. तिला आई नव्हती, घरात ती आणि तिचे वडील बंडप्पा, दोघंच. तिच्या घराला एकही खिडकी नव्हती. छपराला मधोमध एक मोठं काळं भोक होतं. दाराशी एक पुरुष उभा होता आणि त्याला हात नव्हते.

महेश्वरीनं मला उघडलं. तिचं बोट माझ्या ओळींवरून फिरलं. खिडकी नाही, म्हणजे घरात कोंडमारा. छप्पर फुटलेलं, म्हणजे घराचा आधार वाटत नाही. हात नसलेला माणूस, म्हणजे त्या माणसाविषयी भीती, किंवा काहीतरी लपवलेलं. ओळी एकमेकींना जुळत गेल्या. मित्रांनो, मला तेव्हा अभिमान वाटला.

"हिच्याशी बोललास का?" महेश्वरीनं विचारलं.

"वेळच नाही मिळाला मॅडम. बावीस मुलं होती."

महेश्वरी थोडा वेळ पेन हातात धरून बसली. न विचारता सही करू नये, हे तिला कळत होतं; मी ते जवळून पाहिलं. समोर अजून चार जणांचे अहवाल पडले होते. तिनं सही केली. अहवालात लिहिलं होतं की मुलगी वडिलांच्या धाकाखाली असण्याची दाट शक्यता आहे.

माझी शेवटची पानं तिच्या तळहाताखालीच होती. पुस्तिकेला स्वतःहून पान उलटता येत नाही, असं मी पुष्कळदा स्वतःला समजावलं आहे. पण त्या अहवालातली वाक्यं माझीच होती.

पुढं काय झालं, ते आम्हाला सात महिन्यांनी कळलं. ऑगस्टमध्ये एक उंच, वाळका माणूस केंद्रात आला. त्यानं चपला दाराबाहेर काढल्या आणि उभ्या उभ्याच आपलं नाव सांगितलं. बंडप्पा. महेश्वरीला नाव ओळखीचं वाटलं नाही. मग त्यानं हळूहळू सगळं सांगितलं. शाळेतून अहवालाची गोष्ट बाहेर फुटली होती. शिवकन्येचे मामा, महांतप्पा, कळंबच्या बाजारपेठेत असतात. बहिणीमागं राहिलेली ही एवढी एक पोर, तिला बाप मारतो की काय, या भीतीनं ते आले आणि तिला घेऊन गेले. मोठ्या शिकलेल्या लोकांनी लिहून दिलंय म्हटल्यावर बंडप्पाला काही बोलता आलं नाही. गावात लोक त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागले. शेजारणी आपल्या मुलींना त्याच्या अंगणात जाऊ देईनात.

"मॅडम, म्या भांडायला आलो न्हाय," तो म्हणाला. "माझ्या लेकीनं असं काय काढलं, तेवढं मला दावा."

महेश्वरीनं फाईल शोधून चित्र त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं ते दोन्ही हातांनी उचललं आणि बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते पाहून महेश्वरीचा चेहरा उतरला.

"बराबर काढलंय की," तो म्हणाला. "आमचं घरच हाय ह्ये. जुनं माळवद. खिडक्या न्हाईतच त्याला. ह्ये वरचं भोक म्हंजी सानं, उजेड यायला ठिवत्यात. आन ह्यो मी. घोंगडं पांघरून उभा हाय, म्हणून हात दिसंनात. थंडीचं दिस हुतं ना."

दोन मिनिटं. तेवढाच वेळ लागला, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी महेश्वरीनं अमरनाथला बोलावून घेतलं, मला पिशवीत घातलं आणि तिघं त्या गावी गेलो. बंडप्पाचं घर दगडामातीचं, जाड भिंतींचं होतं. आत शिरताना अंधार वाटला, पण छतातल्या सान्यातून ताटाएवढा उजेड खाली जमिनीवर पडला होता. बंडप्पानं सांगितलं की शिवकन्या तिथंच अभ्यासाला बसायची. सूर्य सरकला की उजेड सरकायचा आणि त्यामागं ती वही घेऊन सरकायची. अमरनाथ त्या उजेडाकडे पाहत राहिला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मी या घरावरून गेलो होतो त्या दिवशी. शाळेला जायचा रस्ता इथूनच आहे."

तिथून ती दोघं मला घेऊन थेट कळंबला गेली. शिवकन्या मामांच्या घरी नव्या फ्रॉकमध्ये, तेल लावून घातलेल्या घट्ट वेण्यांत बसली होती. मामीनं तिला काही कमी केलं नव्हतं. पण ती कुणाकडे पाहत नव्हती. महेश्वरी तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि तिनं माझी शेवटची पानं उघडली. इतक्या वर्षांत ती पानं एखाद्या मुलासमोर पहिल्यांदाच उघडली गेली. तिनं चित्र पुढं ठेवलं आणि एकेक प्रश्न विचारत गेली. घरात कोण कोण राहतं? उजेड कुठून येतो? हा माणूस कोण आहे? मुलगी आधी गप्प राहिली, मग एकेका शब्दात उत्तरं देऊ लागली. तो माणूस म्हणजे अप्पा, तिचे वडील.

"अप्पांचे हात कुठं आहेत?"

"घोंगड्यात," शिवकन्या म्हणाली. "ढाळे हायत हातात. माझ्यासाठी रानातनं आणल्यात. मला कळू नये म्हणून लपिवल्यात."

ढाळे म्हणजे हरभऱ्याची हिरवी, दाणे भरलेली झाडं. चित्रातल्या घोंगड्याआड ते आहेत, हे बंडप्पालाही ओळखता आलं नव्हतं.

महेश्वरीनं मला मिटलं. मग मामा, मामी आणि दारात जमलेल्या शेजाऱ्यांसमोर ती उभी राहिली आणि म्हणाली की तो अहवाल चुकीचा आहे, सही माझी आहे, अमरनाथला शिकवणारी मीच आहे. महांतप्पांनी मान खाली घातली. ते एवढंच म्हणाले, "मग आमी त्या माणसाशी काय वागलो." त्याच संध्याकाळी ते स्वतः भाचीला गावी सोडून आले. पुढच्या आठवड्यात महेश्वरीनं शाळेला लेखी पत्र दिलं आणि ते पालकांसमोर वाचून दाखवलं.

ती माफी मागायला पुन्हा बंडप्पाकडे गेली, तेव्हाही मी पिशवीत होते. त्यानं तिला खाली चटई अंथरून दिली, चहा केला. तिचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं.

"चुकी मानली, ब्येस केलं," तो म्हणाला. "पर पोर आता माझ्याफुडं येताना आधी थांबती. म्या काय केलं हुतं, ते आठवून बघती. न केल्यालं तिला कुठनं आठवंल?"

याचं उत्तर माझ्या तक्त्यात नाही, बारा प्रश्नांतही नाही. मी स्वतःला पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळून पाहिलं आहे.

आता प्रशिक्षण पुन्हा चार दिवसांचं झालं आहे. पहिल्या दिवशी सकाळी महेश्वरी स्वतःचं नाव घेऊन ही हकिकत सांगते, कुठलीही गोष्ट सौम्य करत नाही. तक्त्याच्या प्रत्येक ओळीपुढं तिनं लाल शाईनं 'मुलाला विचारलं का?' असं लिहिलं आहे. तक्ता उघडल्यावर आता कुणी घाईनं फोटो काढत नाही. मला त्या कौतुकाची आठवण झाली की शरम वाटते.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधी तरी कुणाबद्दल लिहायचं, बोलायचं काम येईल. कदाचित आत्ताही येत असेल. वर्गातल्या एखाद्या गप्प मुलीबद्दल तुम्ही आपसांत काही ठरवून टाकत असाल. तसं करू नका. आधी तिच्याजवळ जाऊन बसा आणि तिला विचारा. ती लगेच बोलली नाही, तर थोडं थांबा.

अमरनाथ दर गुरुवारी त्या शाळेत जातो. शिवकन्या त्याच्याशी अभ्यासाबद्दल बोलते, शेळीच्या पिलांबद्दल बोलते. तो कागद आणि पेन्सिल बरोबर नेत नाही. ती आता सहावीत आहे. चित्रकलेच्या तासाला ती कागदावर नाव लिहिते, तारीख लिहिते, आणि कागद तसाच कोरा परत देते.