कोंबडीची चाल

कोंबडीला पिसं होती, चोच होती, डोळ्यांत लबाडी होती. फक्त जीव नव्हता. "ही चालत नाहीये, सरकतेय," दिग्दर्शक ॲनिमेटरला तिसऱ्यांदा म्हणाला. चोरलेल्या धान्याचं पोतं घेऊन जिना चढणारी म्हातारी कोंबडी महिन्याभरात जमली नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

या धंद्यातली माणसं सर्रास चाली चोरतात. कुणी शेजाऱ्याची, कुणी सासऱ्याची. चोरी पचते, कारण माल अस्वलाच्या नाहीतर कोंबडीच्या अंगावर चढवलेला असतो. आपला ॲनिमेटर घरी डोकं धरून बसला होता, तेवढ्यात खिडकीतून त्याला बाहेरचा जिना चढणारी आत्या दिसली. हातात बाजाराची भरलेली पिशवी. चार पायऱ्या झाल्या की थांबायचं, पिशवीचा हात बदलायचा, जिन्याला दोन शिव्या हासडायच्या आणि मान पुढे काढून लंगडत पुन्हा चढायचं. पठ्ठ्याला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. त्याने फोन काढला आणि पंधरा दिवस आत्याचं गुपचूप चित्रण केलं.

कोंबडी उठून चालायला लागली. दिग्दर्शकाने त्याला मिठी मारली.

पण आत्या म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. आईबापामागे तिनेच त्याला वाढवलेलं, घरही तिचंच. भाजीवाल्याने 'आजी' म्हटलं म्हणून तिने भाजीवाला बदलला होता, तोही दोन गल्ल्या लांबचा. स्वतःला कोंबडी झालेलं पाहिल्यावर ती काय करील, या विचाराने ॲनिमेटरची झोप उडाली. त्यात स्टुडिओने घरच्यांसाठी सिनेमाचा खास खेळ ठेवला.

"आवाज फार मोठा असतो गं, आत्या. तुला त्रास होईल."

"कापूस घेते बरोबर," आत्या म्हणाली आणि पर्स घेऊन तयार झाली.

कोंबडी जिना चढू लागली तशी अख्खं थिएटर हसून लोळायचं बाकी राहिलं. आत्याने मात्र शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही. घरी येईपर्यंत ॲनिमेटर मनातल्या मनात सामान बांधत होता.

जिन्याच्या पायथ्याशी ती थांबली. "छान होती कोंबडी. पण डावा."

"काय डावा?"

"गुडघा. माझा डावा दुखतो. तुझी कोंबडी उजव्या पायाने लंगडते."

"मी डावाच केला होता! दिग्दर्शकाने दृश्य आरशातल्यासारखं उलटं केलं, म्हणून..." एवढं बोलून गड्याने जीभ चावली. आपल्याच तोंडाने त्याने चोरी कबूल केली होती.

"आत्या, रागावू नकोस."

"रागावू कशाला? मलाही हसू येत होतं, दाबून ठेवलं. किती दिवस बघत होतास?"

"पंधरा."

"रोज? खिडकीत बसून?"

त्याने मान डोलावली.

"मग एकदा खाली येऊन पिशवी घ्यायला काय झालं होतं रे?"

ती रागावली असती तर परवडलं असतं. ॲनिमेटरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी करायचं म्हणून त्याने तिच्या हातातली पर्स घेतली. पर्समध्ये कापसाखेरीज काहीच नव्हतं.

आत्या पुढे चढू लागली. चौथ्या पायरीवर थांबून ती सवयीने हात बदलायला गेली. हात रिकामा होता. तिने जिन्याऐवजी त्याला दोन शिव्या हासडल्या आणि पुढे निघाली.