माफीला खूण नाही

सुरतेत चढ म्हणजे उड्डाणपूल. खरा डोंगर बघायचा तर भुसावळकडे जाणारी सकाळची पॅसेंजर धरून सोनगढला उतरावं लागतं. गावाच्या डोक्यावरून डोंगराची लांब धार जाते. एका टोकाला चढायचं, दुसऱ्या टोकाला उतरायचं. दिवसभर खाली छपरं आणि बाजार दिसत राहतो. दसऱ्यानंतरच्या पहिल्या सुट्टीला किसन आणि मी एकवीस वर्षं हे करत आलो. यंदा मी एकटा चढत होतो.

चूक माझी होती. सुरतेतल्या लिंबायतच्या खात्यात, म्हणजे आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात, किसन आणि मी शेजारशेजारच्या मागांवर उभे राहिलो. त्या खडखडाटात कान सगळ्यांचेच गेले, किसनचे जरा जास्त. आमच्यात बहिरेपणाची थट्टा चालते, कोणी मनावर घेत नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणानंतर खातं बंद पडलं. नव्या खात्याचा मॅनेजर कारागीर निवडायला आला. त्यानं मला विचारलं, "सुकदेवभाई, किसन को सुनाई देता है ना?" आणि मी, ज्याच्या तोंडाला कधीच लगाम नव्हता, म्हणालो, "कान के पास तोप फोडो, तो पूछेगा किसने छींका." सगळे हसले. आम्हाला हसताना बघून समोर उभा असलेला किसनही हसला.

मला नोकरी लागली, त्याला नाही. का नाही, ते त्याला आठवडाभरात कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलला नाही.

माफी मागायला मी दोनदा त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो. बहिऱ्या माणसाची माफी हळू आवाजात मागता येत नाही. माझ्या मिशांमुळे त्याला माझे ओठही वाचता येत नाहीत, ओरडावंच लागतं. अनुसयावहिनींसमोर, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं मी ओरडणार होतो की काय? लाज वाटली. लाज कसली, अहंकारच तो.

काल रात्री जेवताना माझी बायको सरलाबाई म्हणाली, "किसनभाऊनी खोली सोडी दिनी. वहिनी सामान लिसन गावले ग्यात. भाऊ उद्या त्या डोंगरवरतून तसाच पुढली गाडीनी जाई ऱ्हायनात." मी उठून हात धुतला. ती ताट उचलता उचलता म्हणाली, "उद्या नही बोलनात ते मंग कव्हय बोलशात?"

म्हणून मी आलो होतो. पॅसेंजरचे सगळे डबे पाहिले, किसन कुठेच नव्हता. बसनं पुढे निघून गेला असणार. पहिला चढ मी घाईनं चढलो आणि वर पोचून धापा टाकत बसलो.

ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आलं होतं. गवत छातीपर्यंत वाढून पिवळं पडलेलं, कुसळं पॅन्टमध्ये घुसत होती. उकाईचं पाणी लांब चमकत होतं. इतकी शांतता मला सोसत नाही. मागाचा आवाज थांबला की माझ्या कानात तो आपला आपण सुरू होतो. दरवर्षी बोलायला किसन असायचा. बोलायचा म्हणजे काय, भांडायचा. भाकरी कुठल्या झाडाखाली सोडायची यावरून आम्ही अर्धा तास घालवायचो. यंदा मी पहिला दिसला त्या सागाखाली बसलो, भाकरी चार घास खाल्ली आणि बांधून ठेवली. एवढं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या टेकाडावर चढलो आणि तो दिसला. मधे खोल खिंड, पलीकडच्या टेकाडावर पांढरी टोपी, खांद्याला पिशवी. चालण्यावरूनच ओळखला. हाक मारण्यात अर्थ नव्हता. पण त्यानं सहज मागे वळून पाहिलं, आणि मी मूठ वर केली.

मूठ म्हणजे माग बंद कर. खात्यात सगळं बोलणं हातांनीच चालतं. किसन थांबला. इतक्या महिन्यांनी त्यानं माझं काही ऐकलं होतं.

आता पुढे काय? अंगठा तोंडाशी नेला की चहा. पोटावरून हात गोल फिरवला की शेठ आला. धागा तुटला, बॉबिन संपली, लाइट गेली, सगळ्याला खूण आहे. मी चुकलो, याला नाही. मागावरच्या तीस वर्षांत कुणाला गरज पडली नव्हती. किसन उभा होता. माझे हात हवेत लोंबकळत होते. घाबरून मी चहाची खूण केली. तो हलला नाही. मग त्यानं तळहात वर करून विचारलं: काय?

मला एकच सुचलं. गुडघे टेकले, दोन्ही हात पुढे केले आणि देवापुढे घालतात तसं जमिनीला कपाळ लावलं. लावून ठेवलं. डोळ्यांतून पाणी आलं ते मातीत जाऊ दिलं. वर पाहण्याची हिंमत व्हायला बराच वेळ लागला.

मान उचलली तर समोर गवतच गवत. उठून उभा राहिलो तेव्हा पलीकडचं टेकाड रिकामं होतं. मग डोक्यात उजेड पडला. वाकलेला मी त्याला दिसलोच नव्हतो. त्याला दिसलं ते एवढंच, की सुकदेवनं त्याला थांबवलं, चहाची खूण करून चेष्टा केली आणि गवतात दडी मारली.

मी धावलो. या वयात धावणं म्हणजे घसरणं. खिंडीत दोनदा पडलो, तळहात सोलले. त्याच्या टेकाडावर पोचलो तोवर तो डोंगर उतरून स्टेशनच्या सडकेला लागला होता. पाठ माझ्याकडे, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत.

मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढला. "किसन! मन्ही चूक व्हयनी, भाऊ! माले माफ कर!"

खाली गवत कापणाऱ्या बायांनी माना वर करून माझ्याकडे पाहिलं. सडकेवरचा एक सायकलवालाही पाय टेकून थांबला. किसन चालत राहिला.