एक दिवस पुढचा शिक्का

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे, मित्रांनो, आणि मी आयुष्यात खोटे बोललो आहे. आता पोटात ठेवून काय करू? सांगूनच टाकतो.

एका शिक्केवाल्याच्या अरुंद दुकानात माझा जन्म झाला. पितळी चौकट, लाकडी मूठ आणि मध्ये रबराचे तीन पट्टे: दिवसाचा, महिन्याचा आणि सालाचा. सालाच्या पट्ट्यावर बाराच वर्षे कोरलेली होती. तेवढेच आपले आयुष्य, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

परिचारिकांच्या संघटनेच्या कचेरीत माझी नेमणूक झाली. तिथल्या कारकूनबाईंना सगळे ताई म्हणत. ताईंचे टेबल इतके टापटीप, की माशीसुद्धा परवानगी काढून बसत असावी! त्यांची एक सवय होती. चार वाजले की त्या माझा पट्टा फिरवून उद्याची तारीख लावून ठेवत. सकाळी टपालाचा ढीग पडे, आणि चारनंतर सहसा कोणी फिरकत नसे. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

भिंतीवर नियम लावले होते. वार्षिक सभेत मांडायचा ठराव सभेच्या तीस दिवस आधी कचेरीत पोहोचला पाहिजे. त्याखाली सूचक आणि अनुमोदक, दोघांच्या सह्या हव्यात. आणि शेवटी: ‘ठराव कधी आला, हे शिक्क्यावरून ठरेल.’ ते वाक्य वाचून मला केवढा गर्व व्हायचा!

माझ्या अकराव्या वर्षी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी पावणेपाचला एक सिस्टर धापा टाकत आत आली. अंगावर ड्यूटीचे कपडे तसेच होते. तिच्या वॉर्डात सारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या बाटल्या एकाच कप्प्यात ठेवत. मागच्या महिन्यात चुकीचे इंजेक्शन एका मुलीच्या दंडापाशी पोहोचले होते. सिस्टरने ऐन वेळी इंजेक्शन देणारीचा हात धरला म्हणून ती मुलगी वाचली. अशा बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवाव्यात, यासाठी संघटनेने सगळ्या रुग्णालयांकडे आग्रह धरावा, एवढाच तिचा ठराव होता.

“अनुमोदकाच्या सहीसाठी दोन मजले पळाले हो, ताई!”

“पोचलीस ना वेळेत? झालं तर मग,” ताई हसून म्हणाल्या आणि त्यांनी मला उचलले. माझ्यावर उद्याची तारीख होती! ओरडावेसे वाटले, पण शिक्क्याला कुठला आवाज? मी कागदावर उमटलो. सिस्टरने पोच न वाचताच पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी सचिवांनी ठराव पाहिला आणि बाजूला सारला. ड्यूटी संपवून साडेचारला सिस्टर आली, तेव्हा तिला ते कळले.

“असं कसं, साहेब? मी काल आले होते. ताईंनीच घेतला की!”

“शिक्का आजचा आहे. नियम सगळ्यांना एकच. पुढच्या वर्षी आणा.”

“आणि वर्षभरात कोणाचा जीव गेला तर?”

सिस्टर ताईंकडे बघत होती. ताईंच्या तोंडचे पाणी पळाले होते. निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि अकरा वर्षांत त्यांच्या कामावर कोणी बोट ठेवले नव्हते. गप्प बसल्या असत्या तर कोणाला काही कळले नसते. बोला ना, ताई!

ताईंनी मला उचलले आणि सचिवांसमोर ठेवले.

“साहेब, कोऱ्या कागदावर मारून बघा.”

त्यांनी मारला. उद्याची तारीख उमटली.

“मी चारला फिरवून ठेवते,” ताई म्हणाल्या. “रोजच. कालसुद्धा. चूक माझी आहे, हिची नाही.”

सचिवांनी चष्मा काढला, पुसला आणि ठराव पुन्हा हातात घेतला. “काल आला होता,” असे लिहून त्यांनी खाली सही केली. सिस्टर आता कुठे खुर्चीत बसली.

पण ताई उठल्या. त्यांनी कपाटातून परत पाठवलेल्या ठरावांच्या प्रतींची फाइल काढली. एकच दिवस उशिरा ठरलेले दोन कागद त्यात निघाले. दोन्हींवर मीच होतो. त्यातल्या एकावर, पाच वर्षांपूर्वीच्या, एका वयस्क सिस्टरची सही होती. मागणी होती: सारख्या दिसणाऱ्या बाटल्या वेगळ्या ठेवाव्यात. ताईंनी तो कागद सिस्टरच्या हातात दिला. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

सभेत सिस्टरने आपला ठराव आणि तो पाच वर्षांपूर्वीचा कागद, दोन्ही वाचून दाखवले. मागच्या रांगेतून ती वयस्क सिस्टर काठी टेकत उठली आणि सगळ्यांत आधी तिने हात वर केला. ठराव मंजूर झाला.

आता माझा सालाचा पट्टा संपला आहे. मी खणात पडून असतो आणि दाराशी नवे यंत्र तारीख छापते. त्याचा मला राग नाही. पण मित्रांनो, एवढे ऐका. मुदतीच्या दिवशी कोणी धापा टाकत आले, तर कागदावरच्या तारखेआधी त्याच्या तोंडाकडे बघा. आणि माझ्यासारखा एखादा शिक्का तुमच्या हाती आलाच, तर त्याची तारीख रोज सकाळी बदला.